पोटखराब्याची सहल

पुण्यातल्या माणसाला उघडा, कोरडा, क्षितिजापर्यंत मोकळा मुलूख बघायचा असला की तो आधी विमानाची तिकिटं बघतो. जैसलमेर, कच्छचं रण, बजेट बरं असलं तर लडाख. मावसभाऊ अमेरिकेत असला तर थेट कॅलिफोर्निया आणि युटाह: भाड्याची गाडी, चार दिवसांत चार राष्ट्रीय उद्यानं, पहाटे वाळूच्या टेकडीवर फोटो. प्लॅन दोन महिने चालतो. एक्सेल शीट बनते. आणि त्याच माणसाची गाडी सोलापूर हायवेवर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ मागे टाकत शंभरच्या वेगाने पळत असते, तेव्हा खिडकीतून बाहेर बघून मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "इथे काहीच नाहीये यार."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

मी राहूचा. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात, तिथला. आमच्याकडे ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, आणि पुणे शहर जे काही नदीत सोडतं ते सगळं आमच्या दारावरून वाहत जातं. त्यामुळे 'काहीच नाही' हे वाक्य मी गावाच्या प्रेमापोटी मनाला लावून घेतोय असं समजू नका. हे वाक्य महाग पडतं. जिथे 'काहीच नाही' तिथे काहीही करता येतं. तिथे प्लॉट पाडता येतात, चर खणता येतात, मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण करता येतं, कचरा टाकता येतो. 'काहीच नाही' ही जमीन मोकळी करून घ्यायची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी आपण गाडीत बसून, चिप्स खात, रोज बांधतो.

तेव्हा या लेखाचं म्हणणं सरळ आहे. वाळवंटी उद्यानांची रोड ट्रिप करायची असेल तर पहिली इथे करा. दोन दिवस काढा. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत. आणि ती ट्रिप नेहमीच्या ट्रिपसारखी करू नका.

आधी हे मान्य करू

हे वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्याकडे साधारण पाचशेच्या आसपास पडतो. वाळूच्या टेकड्या नाहीत, उंट नाहीत, सूर्यास्ताला तंबूत लोकनृत्य नाही. इथे आहे तो पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्री ढग अडवतो, ताम्हिणीत हजारो मिलिमीटर कोसळतो, आणि तिथून शंभर किलोमीटर पूर्वेला माणसं आभाळाकडे बघत बसतात. या दोन टोकांच्या मध्ये निसर्गाने जे तयार केलं ते म्हणजे माळरान: पातळ माती, खाली मुरूम, वर गवत, मध्येच एखादा हिवर, बाभूळ, बोर, तरवड.

फोटोत हे येत नाही, हे खरं. माळरान उभ्या फ्रेमचं नाहीच. त्यातली प्रत्येक गोष्ट गुडघ्याच्या खाली आहे किंवा आभाळात आहे. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती खड्यांसारखी दिसतात. धाविक पक्षी पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतं. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर झोपतात. हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या पक्ष्याला उतरायला जी जागा लागते, तिला आपण 'काहीच नाही' म्हणतो.

आणि लांडगा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत बसलेला हा प्राणी पुणे जिल्ह्याच्या माळांवर अजून आहे. ताडोबात वाघ बघायला पहाटे चार वाजता उठून रांगा लावणारी पिढी पुण्यापासून दीड-दोन तासांवर लांडगा राहतो हे ऐकून म्हणते, "सीरियसली?"

पोटखराबा

'काहीच नाही' हा शोध आजच्या पोरांचा नाही. सातबारा उताऱ्यावर एक रकाना असतो: पोटखराबा. लागवडीला योग्य नसलेलं क्षेत्र. शब्द नीट ऐका. जमीन खराब, तीही पोटातून.

जमिनीकडे फक्त पिकाच्या डोळ्याने बघायची ही पद्धत जिथे घडली ती जागाही योगायोगाने आमच्याच शेजारची आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. मातीची खोली, रंग, पोत बघून शेताची किंमत ठरवायची आणि त्यावर सारा लावायचा. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. त्या काळच्या अन्यायी साऱ्यापेक्षा ती बरी होती, यात वाद नाही. पण तिने एक सवय लावली. जी जमीन सारा देत नाही ती जमीन वाया गेलेली. तिथे मेंढ्या चरतात, लोक सरपण गोळा करतात, औषधी मुळ्या काढतात, याला रकाना नाही.

इंग्रज गेले, सवय राहिली. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, 'वेस्टलँड ॲटलास'. त्यात झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. म्हणजे चिंकाऱ्याचं घर सरकारी कागदावर 'वेस्ट' आहे.

मग या 'वाया' गेलेल्या जमिनीचं भलं करायला आपण झाडं लावतो. २०१६ ला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडांचं लक्ष्य होतं. पुढे चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. एवढी झाडं लावायची कुठे? घनदाट जंगलात तर जागा नसते. मग माळ दिसतो. सलग समतल चर खणले जातात, गवताची मुळं उपटली जातात, गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं ओळीने उभी राहतात. गिरिपुष्प शेळ्याही फारशा आवडीने खात नाहीत. माळटिटवीला तिथे अंडी घालायला उघडी जागा उरत नाही, चिंकाऱ्याला लांबवर दिसत नाही. आणि जी झाडं जगत नाहीत त्यांचे खड्डे तसेच राहतात.

"पण झाडं लावणं चांगलंच ना?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, अगदी भाबडेपणाने. झाड चांगलं असतं, जिथे ते असतं तिथे. गवत आपला कार्बन बहुतेक जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतं. त्यासाठी आधी जमीन खणू नये लागते. समुद्रात कुणी वड लावत नाही. माळावर जंगल उठवायचा हट्ट त्याच जातीचा आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. हा सगळा भाग पूर्वी जंगलच होता, माणसांनी तोडला, आपण परत लावतोय. ऐकायला छान आहे. पापक्षालनाचा आनंदही मिळतो. पण शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढची बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जवासारखं कमी पाण्याचं धान्य, बंधारा आणि पाट, शिकारीत हरणं. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा जनावरं चारण्यावर भर वाढला, आणि त्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असावं असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. म्हणजे हा मुलूख कोरडा असणं, इथे मेंढपाळ असणं, ही काल-परवाची दुर्दशा नाही.

२०२५ मध्ये दिग्विजय पाटील आणि आशीष नेर्लेकर या संशोधकांनी आणखी एक सुंदर काम केलं. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य, लोकगीतं आणि कथा, काही साडेसातशे वर्षांपूर्वीपर्यंतच्या, वाचून त्यांत कुठल्या जागी कुठली झाडं येतात हे टिपलं. उत्तर काय आलं? उघड्या, गवताळ, काटेरी मुलखातली झाडं तेव्हाही होती. इंग्रजांनी जंगल तोडायच्या कितीतरी आधी आपल्या संतांच्या आणि ओव्या गाणाऱ्या बायांच्या डोळ्यांसमोर माळच होता. ज्या भाषेत आपण 'काहीच नाही' म्हणतो, त्याच भाषेने शतकानुशतकं त्या माळाची नोंद ठेवली आहे.

पाच चौरस किलोमीटर

आता रोड ट्रिपच्या हिशेबात बोलू.

कॅलिफोर्नियातलं डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. राजस्थानचं डेझर्ट नॅशनल पार्क तीन हजार एकशे बासष्ट चौरस किलोमीटर. आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य? ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जत तालुक्यातलं काळविटांचं रेहेकुरी अभयारण्य, १९८० सालचं: २.१७ चौरस किलोमीटर. ज्याला आपण अभयारण्य म्हणतो ते सकाळच्या फिरायला जाण्याएवढं आहे.

हरणाला हद्द कळत नाही. चिंकारा अभयारण्यातून बाहेर पडतो, शेजारच्या गायरानात चरतो, पडीक शेतातून जातो, परत येतो. म्हणजे अभयारण्य टिकतं ते बाहेरच्या पोटखराब्यावर. ते गायरान गेलं, तिथे कुंपण आलं, फार्महाऊसचे प्लॉट पडले, सौर प्रकल्प उभा राहिला, की ५.१४ चौरस किलोमीटरचं ते बेट प्राणिसंग्रहालय होतं. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. पण ती कुठे उभी करायची हे ठरवताना 'तिथे काहीच नाही' हा निकष असू शकत नाही.

उलट चूकही आपण करून बघितली आहे. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं: ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर जबरदस्त. पण त्यात गावं आली, तालुक्याची ठिकाणं आली, माणसांची शेतं आली. जमीन विकायची तर अडचण, बांधायचं तर अडचण. माळढोक या पक्ष्याचं नाव लोकांच्या तोंडी शिवीसारखं आलं. पुढे क्षेत्र कापून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आणि आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी होते.

माळढोकाला नुसत्या कागदाने वाचवता आलं नाही. लोकांना विचारलं नाही, लोकांना काही मिळालं नाही, आणि शहरातल्या कुणाला तो पक्षी हवाही नव्हता, कारण कुणी तो बघायलाच गेलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेची झाडं रात्रीतून तोडली तेव्हा तरुण पोरंपोरी पोलिसांसमोर उभी राहिली. बरं केलं. पण इंदापूरच्या एखाद्या माळावर जेसीबी चालतो तेव्हा कुणी येत नाही. झाडाला मिठी मारता येते. गवताला कशी मारणार?

ऊस आला, लांडगा गेला, बिबट्या आला

इथे कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: राहूचा ना तू? तुझ्या घरचा ऊस. तुम्ही पाणी आणून माळ हिरवा केलात आणि आता शहरातल्यांना माळाचं प्रवचन देतोस?

प्रश्न रास्त आहे. पाणी आलं म्हणून आमच्या घरात शिक्षण आलं, पक्कं घर आलं. दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या पिढीच्या नातवंडांनी 'माळ तसाच राहू द्या' असं म्हणताना आजोबांना तोंड दाखवता आलं पाहिजे. कुणाच्याही शेतातलं पाणी काढून घ्या असं मी म्हणत नाही. जो माळ उरला आहे, जो आजही कुणाचं शेत नाही, त्याबद्दल मी बोलतोय.

पण उसाने काय आणलं तेही पुरं सांगितलं पाहिजे. लांडग्याला मोकळा माळ लागतो, मेंढ्यांचे कळप लागतात. ऊस वाढला तसा तो मागे सरकला. बिबट्याला मात्र दाट आडोसा, पाणी आणि गावची कुत्री लागतात. उसाने तिन्ही दिलं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये उसातच जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. लोकांनी महामार्ग अडवला. त्या आईबापांपुढे निसर्गप्रेमाच्या गप्पा मारायची माझी छाती नाही.

म्हणून तर सांगतो. 'तिथे काहीच नाही' म्हणून जमिनीचं रूप बदललं की तिथे दुसरं काहीतरी येतं, आणि ते काय असेल हे आपण ठरवत नाही. धनगर लांडग्याबरोबर शेकडो वर्षं राहिले. कळपातली मेंढी गेली की शिव्या घातल्या, राखणीला कुत्री ठेवली, रात्री कळपाभोवती जागे राहिले. त्यांना त्या जनावराच्या सवयी माहीत होत्या. उसातल्या बिबट्याची अशी जुनी ओळख आमच्याकडे नव्हती; ती आता माणसांच्या जिवावर होते आहे.

मग पर्यटक आणून माळाचं वाटोळं करू?

सगळ्यात खरा आक्षेप हा आहे. माळ कुणाला माहीत नाही म्हणूनच टिकलाय. तुम्ही लेख लिहाल, रील होतील, रविवारी दोनशे गाड्या येतील.

आक्षेपात दम आहे. अमेरिकेत २०१८ च्या डिसेंबरपासून ३५ दिवस सरकारी कामकाज बंद पडलं. जोशुआ ट्री हे वाळवंटी उद्यान उघडं होतं, पण कर्मचारी जवळजवळ नव्हते. लोकांनी रस्ता सोडून गाड्या घातल्या, नव्या वाटा पाडल्या, झाडंही तोडली. नुकसान भरून यायला दोन-तीनशे वर्षं लागतील, असं त्या उद्यानाच्या माजी अधीक्षकाने म्हटलं. शिकलेल्या, पैसेवाल्या, निसर्ग बघायला आलेल्या माणसांनी पाच आठवड्यांत हे केलं. आपल्याकडे तर कुंपणही नाही. गवतात गाडी घालून डोनट मारणारे, ड्रोनने हरणांना पळवणारे, रात्री हेडलाइटच्या उजेडात खोकडामागे धावणारे इथेही आहेत. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचं एक चाक सगळं संपवतं.

तरीही मी 'या' म्हणतो, कारण दुसरी बाजूही याच रस्त्यावर बघता येते. भिगवणला जा. उजनी धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावांच्या काठावर, कुंभारगाव-डिकसळ भागात रोहित पक्षी येतात. तिथले मच्छीमार आज होड्या चालवतात, पक्षी दाखवतात, घरच्या बायका माशांचं जेवण करतात. त्या माणसाला रोहित उडून गेला तर आपला रोज बुडतो हे कळतं. मग तोच होडी पक्ष्यांच्या थव्यात घालू नका म्हणून पाहुण्याला दटावतो. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीत मोरामुळे घरोघर पाहुणे येतात, हुरडा होतो. मोर तिथे पोटखराबा नाही.

वनविभागानेही अलीकडच्या वर्षांत इंदापुरात कडबनवाडी आणि बारामतीत शिर्सुफळ इथे गवताळ मुलखाची सफारी सुरू केली आहे: ठरलेली वाट, मर्यादित गाड्या, गावातलाच वाटाड्या. ज्या खात्याने माळांवर झाडांच्या रांगा उभ्या केल्या तेच खातं आता गवत दाखवायला तिकीट लावतं, यातला विनोद मला कळतो. पण हा बदल चांगला आहे. तिकीट असलेल्या गवताला पोटखराबा म्हणणं जरा अवघड जातं.

म्हणजे प्रश्न जावं की न जावं हा नाही. कसं जावं हा आहे. आणि इथे आपल्या ट्रिप प्लॅन करायच्या पद्धतीशीच भांडावं लागतं.

'कव्हर' करू नका

आपल्या प्लॅनमधलं सगळ्यात वाईट क्रियापद 'कव्हर करणे' हे आहे. दोन दिवसांत सहा स्पॉट कव्हर. मोरगाव, मयूरेश्वर, भिगवण, सिद्धटेक, रेहेकुरी, जमलं तर निघोजचे रांजणखळगे. नकाशावर सगळं जवळ दिसतं, म्हणून शक्यही वाटतं. पण असा माणस माळावर सकाळी अकराला पोहोचतो, ऊन तापलेलं असतं, जनावरं सावलीला गेलेली असतात, दहा मिनिटं बघतो आणि म्हणतो... तेच वाक्य. 'काहीच नाही' हे वेळापत्रकातून तयार होतं.

त्याऐवजी असं करा.

दोन जागा निवडा, सहा नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या. पावसाळ्यानंतर गवत सोनेरी होतं, कुसळं पायमोज्यात घुसतात, भोवत्ये आलेले असतात. रोहित बघायचे असतील तर हिवाळ्याच्या शेवटाकडे, उजनीचं पाणी उतरू लागलं की या.

पहिला दिवस. शिरूरकडून येत असाल तर न्हावरे, पारगाव, चौफुला, सुपे हा शिरूर-सातारा रस्ता धरा. वाटेत पारगावला भीमा ओलांडाल. पुलावर थांबून पाण्याचा वास घ्या. पुण्यातल्या तुमच्या बाथरूमचं पाणी मुळा-मुठेतून इथेच येतं, पुढे उजनीत जातं, आणि त्यात रोहित चोच बुडवतात. ही माहिती कुठल्याही ट्रॅव्हल व्हिडिओत नसते. नदीकाठी ऊस, आणि तिथून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासात मुरूम आणि बाभळी: एकाच तालुक्यातले दोन मुलूख, मध्ये फक्त पाणी. पहाटे सुप्याला पोहोचायचं असेल तर आदल्या रात्रीच जवळ मुक्काम करा. सूर्य उगवताना मयूरेश्वरच्या ठरलेल्या वाटेवर असा. इंजिन बंद करा. अर्धा तास काहीच दिसणार नाही. बसून राहा. मग जो खडक होता तो हलतो आणि त्याला शिंगं असतात.

दुपारी माळावर काही करायचं नाही. जेवा, झोपा. शक्य असलं तर वाटेत धनगराचा वाडा दिसेल तिथे विचारून थांबा, फोटो नंतर. दख्खनी मेंढीबद्दल, पावसाबद्दल, लांडग्याबद्दल विचारा. दिवाळीनंतर कोण कुठल्या दिशेने निघतं, शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवायला धान्य का देतो, हे ऐका. या माळाचा सगळ्यात जुना जाणकार तोच आहे, आणि सफारीच्या पाटीवर त्याचं नाव नसतं.

दुसरा दिवस. एकतर कडबनवाडी आणि संध्याकाळी भिगवण, किंवा भीमा ओलांडून राशीनमार्गे रेहेकुरीची काळविटं. दोन्ही नको.

नियम थोडे आहेत. गाडी वाटेवरून खाली उतरवायची नाही, एक चाकसुद्धा. ड्रोन घरी. रात्री माळावर दिवे पाजळत फिरायचं नाही. बिळाचं, घरट्याचं, लांडग्याच्या गुहेचं लोकेशन टाकायचं नाही. तालुक्याचं नाव पुरे. बिस्किटाचा पुडा गावातून घ्या, वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावात करा, आणि पैसे देताना घासाघीस करू नका. तुम्ही दिलेले हजार रुपये त्या गावाच्या ग्रामसभेत एक वाक्य म्हणायला कामी येतात: "गायरान राहू द्या, त्याच्यावर चार घरं चालतात." शहरातून सही केलेल्या शंभर ऑनलाइन याचिकांपेक्षा ते वाक्य जड आहे.

मागणी

सहल केलीत की तिथेच थांबू नका. पुढच्या जूनमध्ये तुमच्या कॉलेजचा, कंपनीचा, मंडळाचा वृक्षारोपणाचा मेसेज येईल. तेव्हा एक प्रश्न विचारा: कुठे? जागेचा फोटो मागा. तिथे आधीपासून गवत असेल, टिटव्या ओरडत असतील, तर जायला नकार द्या आणि कारण सांगा. लोक चिडतील. झाड लावायला नाही म्हणणारा माणूस वेडा वाटतो. वाटू द्या.

सरकारकडेही मागणं मोठं नाही. झुडपी आणि गवताळ माळाला पडीक जमिनीच्या यादीतून काढा, त्याला स्वतःचा रकाना द्या. लागवडीचं लक्ष्य झाडांच्या संख्येत मोजायचं बंद करा. मयूरेश्वर आणि रेहेकुरी यांच्या भोवतीची गायरानं कुणाला देण्याआधी तिथे कोण राहतं ते पाहा, दोन पायांचं आणि चार पायांचं.

वाळवंट बघायला जैसलमेरला जरूर जा. अमेरिकेतही जा, मावसभावाला बरं वाटेल. पण तिथे उभं राहून 'किती मोकळं आहे ना' म्हणाल तेव्हा लक्षात असू द्या, तो मोकळेपणा त्या लोकांनी कायद्याने, कुंपणाने, पैशाने आणि भांडून राखला आहे. आपला मोकळेपणा सोलापूर हायवेच्या दोन्ही अंगांना अजून थोडा शिल्लक आहे, कुणीच न राखता. तो फार काळ तसा राहणार नाही. चौफुल्याला उजवीकडे वळा.